तिसरं खातं

“पैसे जातच नाहीयेत हो सर. दुसरा खाते नंबर द्या ना,” रत्नमाला फोनवर म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम कापरा ठेवला होता.

पलीकडच्यानं न चिडता नवा नंबर सांगितला. तो स्वतःला रिफंड विभागाचा अधिकारी म्हणवायचा, बंगलोरहून बोलतो म्हणायचा. फेब्रुवारीत गेलेले तिचे पैसे म्हणे परत मिळणार होते, फक्त आधी थोडी फी भरायची होती. तिनं नंबर दोनदा वाचून दाखवला, त्याला आशीर्वाद दिला आणि फोन ठेवला. मग तोच नंबर भंडाऱ्याला सायबर पोलिसांकडे, हवालदार दामिनीबाईंना पाठवून दिला. चार दिवसांतलं हे तिसरं खातं. आधीची दोन पोलिसांनी गोठवली होती.

आवाज तिनं पहिल्याच दिवशी ओळखला होता. फेब्रुवारीत तिच्या लॅपटॉपचा पडदा अचानक लाल झाला, आतून भोंगा वाजायला लागला आणि लॅपटॉप कंपनीचा म्हणून एक फोन नंबर झळकला. वरठीच्या घरात ती एकटी होती. मुलगी प्रतिक्षा पुण्याला. तिनं त्या नंबरवर फोन लावला. याच आवाजानं “घाबरू नका माताजी” म्हणत तिला एक ॲप घ्यायला लावलं, आणि तिच्या पडद्यावर त्याचा बाण फिरू लागला. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या बाईनं तो सांगेल ते प्रत्येक बटण स्वतःच्या बोटानं दाबलं. निवृत्तीचे पैसे वीस मिनिटांत गेले. शेवटी तिनं त्याला धन्यवादही म्हटलं होतं. तो शब्द आठवला की अजून तिची कानशिलं तापायची.

लाजेपायी दोन दिवस ती कोणाशीच बोलली नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तोवर उशीर झाला होता. बँकेला थोडेच पैसे अडवता आले. पुढे तिनं सगळं रीतसर केलं. लॅपटॉपमधलं सगळं पुसून घेतलं, पासवर्ड बदलले, मुलीला खरं काय ते सांगितलं. कोणतीही कंपनी पडद्यावर नंबर लावून भोंगा वाजवत नाही, हे आता ती गल्लीतल्या बायांना बजावून सांगायची. पण आत जे जळत होतं, ते काही थंड होत नव्हतं.

म्हणून त्याचा पुन्हा फोन आला तेव्हा तिला आनंदच झाला. दामिनीबाईंनी ताकीद दिली होती : एक रुपया पाठवायचा नाही, कोणतंही ॲप घ्यायचं नाही, नुसतं बोलत राहायचं. त्याची सिमकार्डं भलत्याच माणसांच्या नावावर होती. तो सापडत नव्हता, खाती सापडत होती. रत्नमाला रोज त्याचे दोन-दोन तास खायची. ओटीपी येत नाही, दूध उतू चाललंय, जरा थांबा. एक खातं गोठलं की त्या दिवशी ती पोटभर जेवायची.

पाचव्या दिवशी दामिनीबाईंनी निरोप दिला. तिसऱ्या खात्याची मालकीण हजर झाली होती. रत्नमालानं कडक इस्त्रीची साडी नेसली आणि भंडाऱ्याची ऑटो धरली. काय काय बोलायचं, ते वाटेत ठरवून झालं.

बाकावर बायजाबाई नावाची एक बारीकशी म्हातारी बसली होती. आसगावकडची, तलावातली मासोळी विकणारी. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक. तिच्या मासोळीचे पैसेही त्याच खात्यात अडकले होते, म्हणून बँकेनं तिला इकडे धाडलं होतं. दामिनीबाई विचारत होत्या, एटीएम कार्ड कोणाला दिलं? म्हातारी फरशीकडे पाहत होती. याद नाही, असं ती तिसऱ्यांदा म्हणाली.

“याद नाही कशी?” रत्नमाला तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. “माही जिंदगीभराची कमाई गेली, अन् तुले याद नाही? आत टाका हिले, मॅडम.”

बायजाबाई रडली नाही. पिशवी तेवढी तिनं घट्ट धरली.

तेवढ्यात रत्नमालाचा फोन वाजला. तोच होता. दामिनीबाईंनी खूण केली. रत्नमालानं स्पीकर लावला आणि आवाज कापरा केला. तिसऱ्या खात्यातही पैसे जात नाहीत, असं ती म्हणाली. शिवाय तिथं बायजाबाई असं बाईचं नाव दिसतं, ही कोण? पाठवायची भीती वाटते. हे विचारताना ती म्हातारीकडेच पाहत होती.

तो हसला. “आमच्या ऑफिसची झाडूवाली आहे ती, माताजी. अंगठाछाप बाई. नुसतं नाव लावलंय तिचं, तिला काय कळतंय? तुम्ही बिनधास्त पाठवा.”

बायजाबाईनं मान वर केली. वॉर्डात नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना रत्नमालानं असे चेहरे पुष्कळ पाहिले होते. दाराशी कोणी आलंय, मिनिटभर थांबा, असं तिनं त्याला सांगितलं आणि फोनवरचा आपला आवाज बंद केला. पलीकडे तो शीळ घालत वाट पाहत राहिला.

दामिनीबाईंनी मघाचाच प्रश्न हळू आवाजात पुन्हा विचारला.

बायजाबाईनं पिशवी बाकावर ठेवली.

“लिवा मॅडम,” ती म्हणाली. “फोनवरचा हा माह्या पोरीचा नवरा होय. कार्ड यालेच देल्लं. आता घरीच असन. मी रस्ता दाखवतो.”