दुसरी खुर्ची

"झाकण लाव," पहिल्या खुर्चीतल्या पोपटानं पडद्यावरचा हुकूम मोठ्यानं वाचला.

"का?" दुसऱ्या खुर्चीतल्या काकाकुवानं विचारलं.

ही काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नावं नव्हेत. तो समोर येईल ते वाचायचा म्हणून पोपट. ती प्रत्येक हुकमाला 'का?' विचारायची म्हणून काकाकुवा. केस पिकलेली बाई, पण नाव कानावर आलं की खुशीत मान डोलवायची. आणि विचारणं हेच तर तिचं काम होतं. पृथ्वीभोवती घिरट्या घालणाऱ्या दुर्बिणीला हुकूम द्यायचा, तर पहिल्या खुर्चीनं वाचायचा, दुसरीनं 'का?' म्हणायचं, आणि कारण पटलं तरच समोरच्या काचेवर अंगठा टेकायचा. तिचा अंगठा टेकला की हुकूम वर गेला. मागे एकदा कुणीच काही न विचारता दुर्बिणीचं तोंड सूर्याकडे वळवलं होतं. आंधळी होता होता वाचली बिचारी. तेव्हापासून हा नियम. साहेबांनीच केलेला, साहेबांच्याच सहीनं भिंतीवर टांगलेला.

कारणसुद्धा हुकमाखाली लिहिलेलंच असायचं. पोपट तेही वाचायचा. 'पंख उन्हाकडे कर.' 'का?' 'बॅटरी उतरलीय.' 'मान्य.' 'फुटलेल्या ताऱ्याकडे बघ.' 'का?' 'विझेपर्यंत रोज बघायचाय.' 'मान्य.' आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, हे सगळं रोजच्यासारखं होऊन गेलं होतं. इतक्या वर्षांत त्या खोलीत पोपट पदरचा एक शब्द बोलला नव्हता.

पण झाकणाच्या हुकमाखाली कारणाची जागा कोरी होती. पोपटानं मागे वळून बघितलं. मागे साहेब उभे होते, हातात चहाचा कप.

"वरून आलंय," साहेब म्हणाले.

"हे कारण नाही झालं, साहेब. हा पत्ता झाला."

साहेबांनी घड्याळ बघितलं. दुर्बीण त्यांच्या अँटेनासमोरून दिवसातून एकदाच जायची, तीही जेमतेम चहा निवेपर्यंत. काय बोलायचं ते तेवढ्यात बोलून घ्यायचं. आणि झाकणाची बिजागरी इतकी जुनी, की एकदा लागलं की ते पुन्हा उघडणार नाही, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं.

"बाई, म्हातारी झालीय ती दुर्बीण. तोल सावरत नाही तिला."

"जिना चढताना मलाही सावरत नाही. माझं झाकण कधी लावताय?"

पोपटाला हसू फुटलं. ते त्यानं खोकल्यात घातलं.

"नवी येतेय. हिच्या दुप्पट मोठी."

"येऊ दे की! सून यायची म्हणून सासूला आधीच खोलीत कोंडून बाहेरून कडी घालायची? आणि सूनबाई अजून जमिनीवरच आहेत. उंबरठा ओलांडायला रॉकेट लागेल त्यांना."

पडद्यावर दुर्बिणीचा हिरवा ठिपका कडेकडे सरकत होता. साहेबांच्या चहावर साय धरली.

"तुम्हाला एवढं काय पडलंय? तारा तर फुटला. असे रोज फुटतात."

"फुटत असतील. हा आपल्यासमोर फुटला." काकाकुवानं कालचा फोटो त्यांच्यापुढे सरकवला. थरथरत्या म्हातारीनं काढलेला. काळ्या राखेत एक बारीक ठिणगी. "बघा, धुगधुगी आहे अजून. एखाद्याच्या उशाशी बसलं, की शेवटपर्यंत बसतात. मधेच दिवा घालवून उठत नाहीत."

"अंगठा ठेवा."

"कारण द्या."

"मी सांगतोय, हेच कारण!"

"ज्यानं तिचं तोंड सूर्याकडे वळवलं, त्यानंही हेच सांगितलं होतं. म्हणून तर तुम्ही ते लिहिलंत." तिनं हनुवटीनं भिंत दाखवली. "छान लिहिलंय. मला पाठ आहे."

साहेब तरातरा पुढे आले. क्षणभर वाटलं, मनगट धरून अंगठा टेकवतात की काय. काकाकुवानं दोन्ही अंगठे मुठीत दाबले, दोन्ही मुठी मांड्यांखाली घातल्या आणि बाकावरच्या आगाऊ पोरीसारखी त्यांच्याकडे बघत बसली.

साहेब थबकले. कपातला चहा हिंदकळून त्यांच्याच बाहीवर सांडला.

ठिपका कडेला टेकला. लुकलुकला. गेला. दुर्बीण क्षितिजाखाली उतरली होती, झाकण सताड उघडं, तोंड ताऱ्याकडे.

"एका दिवसानं काय होणार आहे, बाई?"

"एक दिवस होईल."

साहेबांनी कप टेबलावर आपटला. "उद्या तुम्ही या खुर्चीत नसाल."

"उशी ठेवून जाऊ का? टोचते फार." काकाकुवानं मांड्यांखालून हात काढले. मुंग्या आलेले अंगठे झटकले. चष्मा डबीत ठेवला.

साहेब पोपटाकडे वळले. "उद्या सकाळी या खुर्चीत तू बसायचंस. आणि आल्या आल्या पहिला हुकूम, झाकण. ऐकलंस?"

पोपटानं दुसऱ्या खुर्चीकडे बघितलं. मग भिंतीकडे. मग साहेबांच्या ओल्या बाहीकडे.

"का?" त्यानं विचारलं.