मधली पायरी

“मॅडम, तुम्ही कधी नापास झालात का?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मृण्मयीने विचारून टाकलं आणि रेडिओ दुर्बिणीची प्रयोगशाळा बघायला आलेल्या मुलींमध्ये एकच हशा पिकला.

तिथल्या संशोधक मॅडमही हसल्या. त्यांनी खणातून एक पितळी तुकडा काढला. “हा माझा नापास तुकडा! सपाट सर्किटवरची रेडिओ लहर पोकळ नळीत जायला हवी होती. पण मी वाट एकदम बदलली आणि बिचारी दारातूनच माघारी फिरली.”

मृण्मयीचं हसू मावळलं. हॉस्टेलमधून तीही अशीच आठवड्याभरात रडत परतली होती.

“मग?”

“मग मध्ये छोट्या पायऱ्या कापल्या, अगं. आता जवळजवळ सगळी लहर पलीकडे पोचते.”

घरी चप्पल काढता काढताच तिने जाहीर केलं, “आई, पप्पा, मी परत हॉस्टेलला जाणार! फक्त आधी महिनाभर त्याच गावातल्या आपल्या मावशीकडे राहीन. विचारत नाहीये, सांगतेय!”