बिस्किटाचा नियम

समुपदेशक बाईंचा नियम होता, पेशंटबरोबर आपणही खायचं. पण वजनाच्या धास्तीनं जेवण टाकलेली समोरची पोरगी तीन आठवडे बिस्किटांच्या बशीकडे ढुंकूनही बघत नव्हती. आजही बाई "जशी आहेस तशीच छान आहेस" हे घोळवून घोळवून सांगत होत्या. बोलता बोलता त्यांनी स्वतःचं बिस्किट हळूच टिश्यू पेपरात गुंडाळलं.

"टिश्यू नको मॅडम, खिशात फुगतो. माझी आई लगेच पकडते," पोरगी म्हणाली. "बाहीत सारा."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कुणाला सांगणार नाहीस ना?"

पोरीनं बशीतलं एक बिस्किट बाईंच्या हातावर ठेवलं, दुसरं स्वतःच्या तोंडात टाकलं आणि भरल्या तोंडानंच म्हणाली, "इथलं बोलणं या खोलीबाहेर जात नाही, तुम्हीच म्हणाला होतात. खा आता मुकाट्यानं."