ओल्या बोटाचं भोक

दरवर्षी नववर्षाच्या आधी आम्ही घरातल्या शोजींना, म्हणजे लाकडी चौकटीच्या सरकत्या दारांना, नवा कागद लावतो. दुसऱ्याच सकाळी मागच्या खोलीच्या कागदाला एक भोक पडलेलं असतं, ओल्या बोटानं पाडल्यासारखं. आम्हाला मूलबाळ नाही.

पहिल्या वर्षी ते माझ्या गुडघ्याशी होतं.

"उंदीर असेल," मी म्हणालो.

"उंदराला बोट असतं होय?" फुमिनो, माझी बायको, हसली.

मग ते दरवर्षी वर सरकत गेलं. गेल्या वर्षी माझ्या खांद्याशी होतं.

"अहो, किती भरभर वाढतंय," फुमिनो पुटपुटली.

यंदा बर्फातून आम्ही दोघं कागद घेऊन परतलो, तर सगळ्या दारांना कोरा कागद लागलेला होता. खळ अजून ओली होती. चौकटीतल्या वरच्या ओळीला कागद लावायला मला स्टूल लागतं. ते कोपऱ्यात धूळ खात होतं.

फुमिनो हळूच म्हणाली, "आलो रे आम्ही."

मागच्या खोलीचं दार आतून सरकू लागलं.