पहिल्याच रिंगला

फोन वाजला, गोरखनं उचलला, "हॅलो" म्हटलं आणि पलीकडून कट झाला. या गडबडीत हातातली तांब्याची तार सुटली आणि निम्मी भरलेली मोटार पुन्हा पहिल्यापासून भरायची पाळी आली. जेवण उरकून दुकान उघडलं की रोज हाच खेळ चालला होता. नंबरही तोच.

पेठला हायवेच्या कडेला गोरखचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे. ऐन पाणी द्यायच्या वेळेला कुणाची मोटार जळाली की तो माणूस दिसेल त्या नंबरला फोन लावतो आणि जो पहिला उचलेल त्याच्याकडे मोटार आणून टाकतो. धंद्यातली ही अक्कल गोरखला फार लवकर आली होती. त्यामुळं फोन पहिल्याच रिंगला उचलायचा, हा त्याचा नेम. अंघोळीला गेला तरी फोन न्हाणीच्या खिडकीत. त्याची बायको तेजस्विनी म्हणायची, यांना वरून बोलावणं आलं तरी हे पहिल्या रिंगला उचलतील.

अशा माणसाला कुणी रोज उठून छळावं म्हणजे काय? बरं, उलटा फोन लावावा तर उचलत नाहीत. मागच्या आठवड्यात तर कहर झाला. गोरख एका विहिरीत मोटार सोडायला उतरला आणि फोन वर गाडीच्या डिकीत राहिला. वर येऊन बघतो तर त्या नंबरचे ओळीनं मिस कॉल. उचलला की कट करायचा आणि नाही उचलला की पुन्हा पुन्हा लावायचा, याचा अर्थ काय, हे त्याला काही कळेना.

तेजस्विनीला मात्र कळला. कोण ती, एवढंच तिनं विचारलं. गोरखनं आईची शपथ घेतली, मग धंद्याची घेतली. तिनं दोन्ही शपथा ऐकून घेतल्या आणि त्या दिवसापासून आमटीत मीठ घालायचं सोडून दिलं. मग एका सकाळी म्हणाली, आज याचा सोक्षमोक्ष लावून या, नाहीतर संध्याकाळी मी आणे पठारावर, माहेरी. ती जाते म्हणाली की जाते, हे गोरखला ठाऊक होतं. दुकान बंद करून तो निघाला.

मोबाईलवर त्या नंबरापुढं नाव येत होतं, धम्मपाल पारगाव. गोरखनं गाडीला किक मारली. एरवी तो शिव्या देणारा माणूस नव्हे, पण पारगाव येईपर्यंत त्यानं दोन-चार चांगल्या जमवल्या होत्या.

पारगावात धम्मपालचं घर विचारलं तर लोक म्हणाले, म्हणजे शाहिरांचं का? गोरख जरा ढिला पडला. शाहीर चांगदेव रोकडे गेल्या उन्हाळ्यात वारले होते. भीमगीतं असोत नाहीतर जत्रेतली गाणी, शाहिरांनी सूर लावला की उठून गेलेली माणसं परत येऊन बसायची. मंचरला त्यांची शोकसभा दणक्यात झाली. गोरखही समितीत होता, कारण समितीत असलं की फ्लेक्सवर फोटो येतो. शाहिरांच्या नावाची कमान उभारायचं त्या सभेत ठरलं, ती अजून ठरतेच आहे. अध्यक्ष गेणभाऊंनी माइकवरून सांगितलं की आजपासून शाहिरांचंच गाणं प्रत्येकाच्या फोनची कॉलर ट्यून. सगळ्यांनी जागच्या जागी लावून घेतली, टाळ्या पडल्या आणि मग चहा झाला.

तोच फ्लेक्स आता शाहिरांच्या ओट्याला उन्हाचा आडोसा म्हणून बांधला होता. मधे शाहीर आणि चहूकडून समिती. समितीचे फोटो शाहिरांपेक्षा ठसठशीत होते आणि प्रत्येकाच्या खाली मोबाईल नंबर होता. गोरख खालच्या कोपऱ्यात हसत होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या शेजारी त्याचं 'चोवीस तास सेवा' आलं होतं.

ओट्यावर शाहिरांची बायको जानकाबाई शेंगा फोडत बसली होती. मुलगा धम्मपाल चाकणला कंपनीत, घरात ती एकटीच. तिच्या शेजारी बटणांचा साधा फोन होता, त्यातलं सिम मुलाच्या नावावरचं. गोरखनं जमवलेल्या शिव्या गिळल्या, तिनं दिलेलं पाणी प्यायला आणि विचारलं, मावशी, पेठला रोज दुपारी फोन तुम्हीच लावता का? जानकाबाईनं लगेच आवाज ओळखला. तिची मान खाली गेली.

"चुकलं भाऊ," ती म्हणाली. "घरात त्यांची एकच कॅसेट व्हती, ती टेपात गुतून तुटली. म्हणून या फलकावरचे नंबर लावून बगते. गेणभाऊंच्या फोनात व्हते, तितं आता पिच्चरचं गाणं लागतं. मांडववाल्या ऋषीच्या फोनात व्हते, तितनंबी गेले. आता निस्ते तुमच्यात राह्यलेत."

शोकसभेत लावलेली ट्यून बदलायची गोरख विसरला होता, एवढंच. आपल्याला फोन करणाऱ्याला काय ऐकू येतं, हे त्यानं जन्मात कधी ऐकलं नव्हतं. फ्लेक्सवरच्या स्वतःच्या हसऱ्या तोंडाची त्याला लाज वाटली.

मग हॅलो म्हटलं की कट का करता, बोलत का नाही, असं त्यानं हळूच विचारलं.

जानकाबाईनं एक शेंग फोडली आणि दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"राग मानू नका," ती म्हणाली. "निस्ती डफावर थाप पडती, त्यांनी अजून तोंडबी उघडलेलं नसतं. तुमी फोन लई लवकर उचलता, भाऊ."