सॉरीचा उपयोग

उद्या वर्गात प्रत्येकाने एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचं होतं. जेवणं झाल्यावर चिमीने टेबलापाशी उभं राहून रंगीत तालीम सुरू केली. बाबा आज खुशीत होते, त्यामुळे आईही निवांत भांडी विसळत होती.

"माझा शब्द सॉरी. आता त्याचा अर्थ, माफ करा. पण हा शब्द दुखण्यावरून आलाय. फार पूर्वी ज्याला दुखायचं, तोच स्वतःला सॉरी म्हणायचा."

"वा! हे मलाही माहीत नव्हतं," बाबा म्हणाले.

"हे बाईंनी सांगितलं. उपयोग मात्र आपला आपण शोधायचा होता."

आईच्या हातातलं ताट सिंकमध्ये निसटलं. "पुरे आता, चिमे. झोपायला जा."

"अगं, बोलू दे की तिला."

"आता ज्याला दुखतं तो सॉरी म्हणत नाही, दुसराच म्हणतो. आमच्या घरी बाबा म्हणतात. सकाळी आईला चहा करून देतात आणि मग म्हणतात. आई म्हणते, असू दे. आणि त्या दिवशी ती लांब बाह्यांचा ड्रेस घालते."

बाबांनी टाळ्या वाजवल्या. चिमीला उचलून तिच्या खोलीत नेलं, नीट पांघरूण घातलं, दिवा मालवला. मग ते स्वयंपाकघरात परत आले, दाराला आतून कडी घातली आणि सकाळची वाट न बघता आईला म्हणाले, "सॉरी."