टाळ्यांचा कडकडाट

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण ऐक," शिंप्याच्या गालांना फेस लावत न्हावी म्हणाला. जुनी गिऱ्हाइकं पांगल्यापासून त्याचा वस्तरा कमी आणि जीभच जास्त चालायची. भाडं तिप्पट झालं तेव्हा शिंप्यानेही गल्ली सोडली होती, पण दाढीला मात्र तो दोन बस बदलून इथेच यायचा.

"गल्लीतून किती लोक हुसकावले गेले ते मोजायला एक साहेब आले. अकलेचा नुसता डोंगर! दारोदार जाऊन विचारलं, 'तुम्ही इथून निघून गेलात का हो?' नवे भाडेकरू म्हणाले, 'छे, आम्ही तर इथेच राहतो.' झालं! एकही माणूस गेला नाही, असं साहेबांनी जाहीर करून टाकलं. मग चौकात त्यांचा सत्कार झाला. आपली सगळी जुनी मंडळी जमली आणि टाळ्यांचा असा कडकडाट केला म्हणून सांगू!"

शिंप्याने आरशातून मागच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं.



"साहेबाचं सगळं खरं असेल, लेका, पण टाळ्यांची थाप मारू नकोस. वाजवायला तुझ्याशिवाय इथे उरलंय कोण?"